मोठ्या ड्रमचे लायनर

१ जून २०२५, रविवार

परफ्युम! ब्रेकचं सामान आणायला गेले आणि कार्टं मला परफ्युम विकत होतं!

हायवेवरचं ते नवं दुकान. गाड्यांच्या पार्टचं. देशभर शाखा आहेत म्हणे. काचेचं दार, आत एसी, केशरी टी-शर्टातली पोरंपोरी. पाऊल टाकलं की एकजण ओरडतो, "वेलकम मॅम!" मी दचकलेच. आत बघावं तर मानेला लावायच्या उशा, स्टिअरिंगची कव्हरं, मान डोलवणारी प्लॅस्टिकची कुत्री. पार्ट कुठं आहेत ते हुडकावं लागतं. पार सगळ्यात मागे, पाण्याच्या मशीनच्या पलीकडे.

एका पोराच्या छातीवर नावाची पट्टी होती. ऋतुराज. त्याला म्हटलं, "बाळा, फाउंडेशन पायजे. आणि लायनर."

मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मॅम, मेकअपचं सामान आपल्याकडं नसतं. पलीकडं मॉलमध्ये बघा."

मेकअप!! माझ्या हातात गाडीची किल्ली, ओढणीला ग्रीस, आणि ह्याला वाटलं मी तोंडाला फासायचं फाउंडेशन आणि डोळ्याला लावायचं लायनर मागायला आलेय! अरे, कोल्हापुरात शेंबडं पोर सांगेल — इंजिनखालचा रबराचा ठोकळा म्हणजे फाउंडेशन, आणि ब्रेकचे ते लायनर. उद्यमनगरात कुठल्याही टपरीवर विचार. मी म्हटलं, "गाडीचं फाउंडेशन रे! तोंडाचं न्हवं!" शेजारी उभा असलेला एक पावणा पोट धरून हसला. त्यानेच त्याला समजावलं, "आरं, इंजिन माउंटिंग म्हणत्यात त्या. आन् लायनर म्हंजे ब्रेक शू."

मग ह्याने कॉम्प्युटर उघडला. मला विचारतो, "मॅम, गाडी ऑटोमॅटिक आहे का?" शाळेची व्हॅन! पिवळी! बाहेर काचेतून दिसत होती की!

फाउंडेशन मिळालं. लायनर बुधवारी येणार. बिल करताना म्हणे, "मॅम, ह्याच्यासोबत परफ्युम घेतला तर ऑफर आहे." ब्रेक लागत नाहीत त्या गाडीत वास मारून काय करू? आरती ओवाळू?

शी. घरी येईपर्यंत डोकं उठलं होतं.

२ जून, सोमवार

फाउंडेशन बसलं. यांनी सकाळी अंगणात पाट टाकला, गुडघा लांब सोडला आणि दुपारच्या आत काम उरकलं. गाडी आता थरथरत नाही.

गुडघ्यामुळे यांचं चालवणं सुटलं आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं, पण गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. आधीची गाडी असो, ही असो, सगळं यांनीच अंगणात उघडलं, यांनीच मिटवलं. "गुंडू मिस्त्रीच्या हातात माझी गाडी द्यायची न्हाय" हे तर आठवड्यातून एकदा तरी ऐकते. मलाही ते बरंच वाटतं. यांच्या नावावर, गणपतरावांची गाडी म्हणून, गडमुडशिंगीतले आईबाप डोळे मिटून पोरं बसवतात, ते काय माझ्या तोंडाकडे बघून नव्हे.

१३ तारखेला पासिंग. ब्रेक बरोबर नसतील तर आरटीओ गाडी माघारी धाडणार. १६ ला शाळा. पासिंग नसलेल्या गाडीत मी एकही पोर बसवणार नाही. आणि त्या सम्राटची नवी व्हॅन गावात फिरायला लागलीय, गाणी लावून. एकदा पोरं तिकडे गेली की परत येत नसतात.

जिनेंद्रअण्णांचं दुकान असतं तर ही वेळच आली नसती. दिवाळीनंतर त्यांनी शटर ओढलं. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, बसणार कोण? तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. जन्मभर त्या दुकानातून सामान आणलं. काउंटरवर गेलं की अण्णा पुरतं बोलूही द्यायचे नाहीत. "थांबा" म्हणायचे, आत जायचे, कागदात बांधून आणायचे. कधी एकदा बदलायला जावं लागलं नाही.

४ जून, बुधवार

आज काउंटरला पोरगी होती. ऐश्वर्या. नखं ही एवढी! त्या नखांनी ती स्क्रीनवर टकटक करते आणि पार्ट आतून दुसरा कोणीतरी आणतो. ह्या पोरीने जन्मात एक नट सोडला असेल तर शपथ.

यांनी निघताना बजावून सांगितलं होतं, मोठ्या ड्रमचे माग. ड्रम म्हणजे चाकातला डबा, लायनर त्याच्या आतच बसतात. मी म्हटलं, नमुना काढून द्या, घेऊन जाते. तर म्हणाले, "नमुना नवशिकी नेत्यात. मोठा ड्रम म्हणायचं, बास."

तिने गाडीचा नंबर घातला आणि म्हणाली, "काकी, तुमच्या गाडीला लहान ड्रम दाखवतंय."

दाखवतंय! कोण दाखवतंय? डबडं! मी तिथूनच यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. हे कडाडले, "मोठा ड्रम! कालची पोरगी मला शिकिवणार व्हय?" अख्ख्या दुकानाने ऐकलं. मी तिला म्हटलं, "ऐकलंस? तू जन्मायच्या आधीपासनं गाडी चालिवणारा माणूस बोलतोय."

खांदे उडवले आणि म्हणाली, "ओके मॅम, तुम्ही म्हणाल ते." काकीची लगेच मॅम झाले.

तुम्ही म्हणाल ते! भांडायचीसुद्धा अक्कल नाही. अण्णांशी कधी हुज्जत घातली तर ते तास तास हटायचे नाहीत. इथे सगळं ओके. आणि बिलाला परत मोबाईल नंबर. रविवारी दिला होता की! रोज नवा काढते का मी नंबर?

५ जून, गुरुवार

बसले नाहीत. बसले नाहीतच!

हे सकाळपासून चाकाशी झटत होते. शेवटी पाना आपटला. "पाकिटावर एक, आत एक! भरणाऱ्यांनीबी डोळं मिटूनच भरलंय." जुनेच लायनर परत चढवले. अंगणातला चिखल पार कोपरापर्यंत.

मी म्हटलं, "तुमी जेवा. मी उद्या जातो आन् त्यांच्या तोंडावर टाकून येतो."

६ जून, शुक्रवार

तोंडावर टाकता आले नाहीत. पाकीट फोडलं म्हणून परत घेणार नाहीत म्हणे. न फोडता बसवून कसं बघायचं, ते त्यांच्या शाखेने शिकवावं एकदा.

मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या पाकिटात चुकीचा माल भरलाय. तर ती ऐश्वर्या मोजपट्टी घेऊन आली आणि मोजायला लागली. पाकिटावर छापलं होतं तेच माप निघालं. म्हणाली, "बघा मॅम, मोठ्या ड्रमचेच आहेत." पट्टी तरी सरळ धरता येते का तिला? नखंच मध्ये येत होती.

ऋतुराज बाजूला उभा राहून हसत होता. त्याला म्हटलं, "तू हसू नको. तुला तर लिपस्टिक आन् लायनरमधला फरक कळत न्हाय." तोंड पाडून मागे गेला. एवढंच काय ते समाधान आजच्या दिवसाचं.

दुसऱ्या कंपनीचे मागवलेत. मोठ्या ड्रमचेच. सोमवारी येणार.

७ जून, शनिवार

अनुजाचा फोन. तिची दोन्ही पोरं पहिल्यापासून माझ्या गाडीत. "काकी, गाडी झाली का? न्हाय, आमचं हे म्हणत हुते, सम्राटला सांगून ठेवूया का म्हणून. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

वाटलं की. लई वाटलं. तिच्या धाकट्याला पहिल्या दिवशी मी कडेवर घेऊन वर्गात सोडला होता, गळ्याला मिठी मारून सोडत नव्हता. तिला म्हटलं, "तेरा तारखेला पासिंग हाय. तोवर थांब." थांबते म्हणाली. आवाजात जोर नव्हता.

यांना सांगितलं नाही. सांगून काय, आणखी चिडतील. आणि चूक यांची थोडीच आहे? त्या केशरी टोळक्याची आहे.

८ जून, रविवार

दुकानाचा मेसेज — "आमची सेवा कशी वाटली? पाच स्टार द्या!" एकही तारा न देण्याची सोयच नाही त्यात. शोधून दमले.

९ जून, सोमवार

वीट आलाय. खरंच वीट आलाय मला ह्या माणसांचा.

दुसऱ्या कंपनीचेही बसले नाहीत. जेवायच्या आत आणले, हे लगेच बसले बसवायला, आणि परत तोच तमाशा. यांचा चेहरा बघवेना. पाना हातात घेऊन नुसते ड्रमकडे बघत बसले होते. मी चहा आणून ठेवला तर तो तसाच गार झाला.

मला राहवेना. परत गेले. ह्यावेळी मॅनेजरच समोर आला. पुण्याचा. दात स्वच्छ, बोलणं गोड. मी म्हटलं, "मी पाच येळा आलो हितं, पाच येळा!" तर त्याला हसू! बाईमाणूस "आलो" म्हणतं ह्याचंच हसू आलं त्याला! माझी गाडी उभी, पासिंग तोंडावर, पोरं चाललीत दुसऱ्याकडे, आणि ह्याला माझ्या बोलण्याची गंमत!

वर म्हणतो, "मॅम, कस्टमरने जे सांगितलं ते आम्ही दिलं. आमच्या स्टाफने तुम्हाला आधी सुचवलं पण होतं."

जे सांगितलं ते दिलं! मग माणसं कशाला ठेवलीत? मागितलं ते द्यायचं तर नाणं टाकायचं यंत्र बसवा की दारात! दुकानदार म्हणजे मागितलेलं काढून देणारा नव्हे. समोरच्याची गाडी त्याच्या डोक्यात असावी लागते. समोरचा माणूस डोक्यात असावा लागतो. ह्यांच्या डोक्यात काय आहे? ऑफर.

आणि निघताना तो दारातला पोपट — "थँक्यू मॅम, व्हिजिट अगेन!"

थू.

१० जून, मंगळवार

हे सकाळी म्हणाले, "परत जा. मोठ्या ड्रमचे म्हणून नीट सांग त्यांना." मी म्हटलं, आता किती वेळा सांगू? तर माझ्यावरच ओरडले. "तुलाच सांगता येत न्हाय!" इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते. नंतर स्वतःच उठून बाहेर गेले, आणि गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मला त्या दुकानाची आणखीच किळस आली. सरळ माणसाचं डोकं फिरवलं त्यांनी.

गाडी आज उतारावर थोडी घेऊन बघितली. पॅडल पार खाली जातं. हँडब्रेक ओढून थांबवली. पोरांना घेऊन ही गाडी रस्त्यावर काढायची? मेले तरी नाही.

उद्या कळंब्याला जाणार, जिनेंद्रअण्णांच्या घरी. दुकान नसलं म्हणून काय झालं, उद्यमनगरात कुणाकडे बरोबर माल मिळेल एवढं तरी सांगतील. मी मागे एकदा म्हटलं होतं तर हे म्हणाले होते, "दुकान मिटवलेल्या माणसाला तरास द्यायचा न्हाय." म्हणून सांगणारच नाही. त्या दुकानातच जाते म्हणून निघेन.

११ जून, बुधवार

मी लायनर एवढंच म्हटलं, तर अण्णांनीच विचारलं, "मोठ्या ड्रमचे सांगत असतील न्हवं?"

मोठा ड्रम आमच्या आधीच्या गाडीला होता. विकलेल्या. ह्या गाडीला लहानच आहे. दुकान मिटायच्या आधीची दोन वर्षं हे काउंटरवर येऊन त्याच जुन्या गाडीचं सामान मागत होते, आणि अण्णा अवाक्षर न काढता ह्या गाडीचं बांधून देत होते. "चारचौघांत कशाला बोलायचं, वैनी? मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

त्यांनी एक फोन केला. उद्यमनगरातून लहान ड्रमचे घेतले. तिथूनच गुंडू मिस्त्रीकडे गेले. त्याला म्हटलं, उद्या उजाडताच गाडी घेऊन जा, हे लायनर बसव, आणि एकूणएक बोल्ट बघ. यांनी आवळलेल्या बोल्टांवर दोन वर्षांहून जास्त पोरं बसली त्या गाडीत.

घरी आले. हे पाट टाकून, पाने ओळीने मांडून तयार बसलेले. "मोठ्या ड्रमचेच आणलेस न्हवं?"

व्हय म्हटलं.