घेतला म्हणेपर्यंत

अप्पा, तुम्ही गेल्यावर मी काय शिकले आणि पोटासाठी काय करते, हे तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. म्हणून आधी तेच सांगते. एका कारखान्यात चार कामांची चार सॉफ्टवेअर असतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. मी त्यांना एकमेकांशी बोलायला लावते. एपीआय म्हणतात त्याला. ठरलेल्या शब्दांत एकानं विचारायचं, ठरलेल्या शब्दांत दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलंच नाही तर किती वेळ थांबायचं, हेही आधी ठरवून ठेवावं लागतं. तो टाइमआउट. तो घातला नाही तर विचारणारं सॉफ्टवेअर बंद पडेपर्यंत वाट बघत बसतं.

कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मला काडीचंही नवल वाटलं नाही. शाळेतली मी अक्कलकोट रोडच्या तुमच्या टॉवेलच्या कारखान्यात डबा घेऊन येतेय. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. डबा तुमच्या मागाजवळच्या स्टुलावर ठेवून मी खेळायला पळते. तुम्ही मला दारातून परत आणता, डबा पुन्हा माझ्या हातात देता. "समोरचा घेतला म्हनल्याबिगर हात सोडायचा न्हाय. कळलं का?" सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला रडू आलं होतं. पाळी संपतानाही तुमचं हेच. पुढच्या पाळीचा माणूस येऊन चालू मागापाशी उभा राहायचा, "घेतला" म्हणायचा, मगच तुम्ही चपला शोधायचात. बाकीचे वेळ झाली की मालकाच्या नावानं बोटं मोडत खुशाल निघून जायचे.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचा बदलीचा माणूस वेळेवर आला नाही. छातीत दुखतंय, असं तुम्ही शेजारच्या मागावरच्याला सांगितलंत. तो घरी जा म्हणाला. तुम्ही थांबलात. नंतर आईनं आणि मी त्या बदलीवाल्याचं तोंडही बघायचं नाही असं ठरवून टाकलं. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

यंदा चिंचोळीच्या एका कारखान्याचं काम आलं. गेटवरचं अंगठ्याच्या हजेरीचं सॉफ्टवेअर आतल्या पाळ्यांच्या सॉफ्टवेअरला जोडायचं होतं. साधंच काम. मग मालकांनी अट घातली. पुढच्या पाळीच्या माणसाचा अंगठा लागल्याशिवाय आधीच्याचा सुटीचा अंगठा घ्यायचा नाही, आणि तो तसाच गेला तर अख्ख्या दिवसाचा खाडा. मी पंधरा मिनिटांचा टाइमआउट घातला. तेवढं थांबायचं, कुणी नाहीच आलं तर माणसाला सोडायचं.

"ते पंधरा मिनिटांचं काढा, मॅडम," मालक म्हणाले. "माग कुणी बघायचा मग?"

मी साफ नाही म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की ऑफिसातले सगळे माना वर करून बघायला लागले. काम गेलं.

निघताना गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमननं तुमचं नाव घेऊन, त्यांचीच मुलगी ना, असं विचारलं. तोच तो, तुमचा बदलीवाला. चालू पडावं असं वाटत होतं, तरी थांबले.

"सायकल पंक्चर झाली व्हती, पोरी. मी आलो तवा तुझा बाप मागाला धरून उभा व्हता. मी घेतला म्हनलो, तवा खाली बसला."

मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. त्याच्यावर रागवायला गेले तर राग येईचना.

माझा टाइमआउट दुसऱ्या कुणीतरी काढून दिला म्हणे. आता चिंचोळीत पाळी संपली तरी माणसं मागापाशी उभी राहतात, कारण मशीन सोडत नाही. तुमच्या गेटला कसलं मशीन होतं, अप्पा? तुमची सायकल दारात होती. शेजारचा जा म्हणत होता. घरी आई होती, मी होते.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून कपाटात ठेवीन. मालकांसमोर माझा आवाज चढला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई कामगारांसाठी भांडतेय. मी तुमच्यावर ओरडत होते.