गोलपोस्टमागे उभ्या राहणाऱ्या मुलाच्या नावे

मी, शालूबाई भ्रतार दत्तराव कोटकर, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. मला एकच मुलगा, विश्वंभर. तो जर्मनीतल्या एका लहान गावात इंजिनिअर आहे. राहतं घर आणि हळदीचं रान माझ्यामागे त्याचंच. हे सगळं विकून तिकडं चल, असं तो वडिलांच्या तेरवीला म्हणाला. मी नाही म्हणाले, तर "मग ऱ्हा इथंच, मला फोन करू नको," म्हणून निघून गेला. मी केला नाही. त्यानंही केला नाही.

२. हळद शिजवायची मोठी कढई दीर संतराम यांनी एका हंगामापुरती नेली आणि स्वतःची करून टाकली. त्यांना ती लखलाभ. मात्र माझ्या मयतीत त्यांनी मोठ्यानं रडू नये.

३. माझा मोबाईल शेजारची सून पुनम हिला द्यावा. कारण लिहिते. विश्वंभरच्या गावचा फुटबॉल क्लब तिसऱ्या लीगमध्ये खेळतो आणि ते सामने मोबाईलवर दिसतात, हे तिनं शोधून काढलं. विश्वंभर बघणाऱ्यांच्या गर्दीत, गोलपोस्टमागे उभा असतो. आपला गोल झाला की कॅमेरा तिकडं वळतो आणि क्षणभर माझं लेकरू दिसतं. तेवढ्यासाठी मी अख्खा हंगाम शनिवारी दिवा लावून मोबाईलपुढं बसले.

खेळ मला कळत नव्हता. पहिल्या सामन्याआधी मोबाईलवर फोटो आला, त्यात एक संघ पिवळा, एक निळा. हळदीचा रंग तो आपला, असं मी धरून चालले आणि औंढ्याला जाऊन नागनाथाला अभिषेकही घातला. पिवळ्यांनी तीन गोल मारले. मी टाळ्या पिटत होते, तर पुनम ओरडली, "अवं मामी, काय करून राहिल्या? आपले निळे हायत!" त्या दिवशी विश्वंभर एकदाही दिसला नाही. नागनाथानं माझं बराबर ऐकलं होतं, मीच भलत्याचं नाव सांगितलं होतं.

पुढं निळे हरतच गेले. तळाचे संघ खालच्या लीगमध्ये जातात आणि तिथले सामने मोबाईलवर दाखवत नाहीत, असं पुनम म्हणाली. म्हणजे निळे खाली गेले की पोरगं मला दिसायचं बंद. "फोन लावा की मामी, काहून अडून बसल्या?" असं ती दर आठवड्याला म्हणायची. करू नको म्हटलंय त्यानं, मग मी का करू?

४. शेवटचा सामना परवा झाला. निळे हरले, खाली गेले. या खेपेला कॅमेरा हरलेल्यांकडं वळला. विश्वंभर कठड्याला टेकून रडत होता. बापाच्या सरणापाशी न रडलेला माणूस! बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, ह्याला धरायला कुणी नव्हतं. तिकडंही तो एकटाच आहे, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. त्याचे डोळे पुसावे म्हणून काचेवर बोट फिरवलं, तर चित्रच सरकलं. पुनमनं ते पुन्हा आणून दिलं. परत बोट लावायची माझी हिंमत झाली नाही.

५. मी गेल्यावर मुलाची वाट बघत मला बर्फाच्या पेटीत ठेवू नये. अग्नी पुनमनं द्यावा. गावानं नाकं मुरडली तर मुरडू द्यावीत. विश्वंभरला फोनही तिनंच करावा. आई गेली, एवढंच सांगू नये. ती दर शनिवारी तुला बघत होती, तू रडलास तेही तिनं बघितलं, असं सांगावं. पण त्याआधी, जवळ कुणी आहे का, ते त्याला विचारावं.

वरील मजकूर वाचून घेतला, तो माझाच आहे.

शालूबाई भ्र. दत्तराव कोटकर (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. धर्मसिंग राठोड (सही)
२. पद्माबाई वाबळे (डाव्या हाताचा अंगठा)

पुसेगाव, सोमवार, दि. १९ मे २०२५