एकशे शहाऐंशी चष्मे

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. दुखऱ्याला जरा जास्त. मामीचा खोकला अजून रेंगाळतोय असं आईकडून कळलं. ती औषध घेत नसेल, तर तिच्यासमोर तुम्ही घ्या, म्हणजे ईर्ष्येने तरी घेईल. इकडे सगळे ठीक. (तुमचे जावई ठणठणीत आहेत, पण ते कबूल करत नाहीत. म्हणजे नेहमीसारखेच.)

माझ्या बदलीचं तुम्हाला ठाऊक आहेच. टेलिफोन कंपनीच्या तक्रार खिडकीवर सात वर्षं बसून 'फोन मुका झालाय' हे एकच वाक्य नाना सुरांत ऐकलं, आणि मग मला आंतरराष्ट्रीय व्यवसाय सेवा विभागात धाडलं. नाव ऐकून तुम्ही आईला विचारलंत म्हणे, की पोरगी तिथे करते तरी काय? आईने 'परदेशाशी बोलते' असं सांगून वेळ मारून नेली. तर खरं काम असं: एखाद्या कंपनीचं ऑफिस एका देशात, कारखाना दुसऱ्यात, गोदाम तिसऱ्यात; ही सगळी एकाच घरातल्या खोल्या असल्यासारखी एकमेकांशी बोलती ठेवायची. चौथा मजला, अकरा टेबलं आणि भिंतीवर सहा देशांची सहा घड्याळं. (पहिल्या दिवशी मी भलत्याच देशाचं घड्याळ बघून डबा उघडला. आपल्याकडे तेव्हा सव्वानऊ वाजले होते. कोणी हसलं नाही. म्हणे प्रत्येकाने एकेकदा तसा डबा खाल्लाय.)

आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. लहानखुऱ्या, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि आवाज इतका हळू, की ओरडत आलेला माणूस ऐकू यावं म्हणून स्वतःच गप्प होतो. कुठल्या देशातल्या कुठल्या कारखान्याचा भोंगा किती वाजता होतो, हे त्यांना तोंडपाठ. मी त्यांना पहिले दोन महिने घाबरत होते. गेल्या मंगळवारपासून मात्र त्यांनी खिडकीतून उडी मार म्हटलं, तर मी फक्त कुठली खिडकी एवढंच विचारीन.

मंगळवारी झालं असं. चष्म्याच्या काचा करणारी एक कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक. इथले डॉक्टर डोळे तपासतात, नंबर आमच्या लाइनने समुद्रापलीकडच्या एका बेटावर जातात, तिथे काचा घासून संध्याकाळच्या विमानात चढवतात. सकाळी सव्वादहाला कुठल्याशा जहाजाचा नांगर समुद्रतळाच्या केबलमध्ये अडकला आणि बेट मुकं झालं. अशा वेळेसाठी ठेवलेली दुसरी केबल आठवडाभर दुरुस्तीला निघालेली. (मामा, छत्रीसुद्धा नेमकी अशाच दिवशी दुरुस्तीला असते.) अर्ध्या तासात त्या कंपनीचे साहेब लिफ्टची वाटही न बघता चार जिने चढून आले. धापा टाकत म्हणाले, "आज एकशे शहाऐंशी नंबर आहेत. त्यांतले चाळीस जण ऑपरेशन झालेले. चष्मा येईपर्यंत त्यांना घरातली माणसंसुद्धा आवाजावरून ओळखावी लागतायत. नंबर गेले नाहीत, तर उद्यापासून आम्ही दुसरी कंपनी बघू."

बाई म्हणाल्या, "उपग्रहावरून एक साधा फोन लागतोय. त्यावरून कागद पाठवून बघितले, तिकडे नुसते काळे पट्टे उमटतात. वाचून दाखवू."

"एकशे शहाऐंशी?" साहेब किंचाळले.

"दोन डोळे धरून तीनशे बहात्तर," बाई म्हणाल्या, आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "हिने सात वर्षं लोकांचं ऐकलंय. आता लोक हिचं ऐकतील."

बेटावर फोन धरायला एक कारागीरबाई बसली होती. तिचं इंग्रजी वेगळ्या गावचं, माझं वेगळ्या. शिवाय आवाज पोचायला क्षणभर उशीर. त्यामुळे दोघी एकदम बोलायचो, एकदम थांबायचो, आणि 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारात अडलेल्या पाहुण्यांसारख्या खोळंबायचो. त्यातच मी घाईघाईत पाणी प्यायले आणि मला उचकी लागली. उचकीसरशी एखादा आकडा गडप व्हायचा आणि ती अत्यंत गंभीरपणे विचारायची, की हा आवाज उजव्या डोळ्याचा का डाव्या? गोंधळून माझ्या तोंडून एकदा चक्क मराठीत 'उणे सव्वादोन' गेलं. तिने ते तसंच्या तसं परत म्हटलं आणि अर्थ विचारून घेतला. पुढे घोळ झाला की तीच मला "उणे? उणे?" करून विचारायला लागली.

अशी गाडी रुळावर आलेली, आणि नव्वदाव्या नंबराला माझ्या पायाखालची जमीन सरकली. एक्केचाळिसाव्याला डाव्या डोळ्यांच्या रकान्यात माझी एक ओळ निसटली होती. तिथून पुढे प्रत्येकाचा उजवा डोळा स्वतःचा आणि डावा शेजाऱ्याचा! पन्नास माणसं जन्मभर नाही, तरी महिनाभर भिंतींवर आपटली असती. मागे साहेब उभे. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, कोणाला कळणार आहे? (मामा, हे फक्त तुम्हालाच सांगतेय.) पण तोंड उघडलं आणि बाईंना खरं ते सांगितलं. उचकी त्या धक्क्यानेच थांबली.

बाईंनी शब्दाने दुखावलं नाही. फोन हातात घेऊन बेटाला सांगितलं, "चूक आमची आहे. एक्केचाळीसपासून पुन्हा घेऊ. घासायला घेतलेल्या काचा बाजूला ठेवा." मग कागदावर पट्टी आडवी धरली, मला म्हणाल्या, "तू वाच, मी सरकवते." मी साहेबांकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात शेजारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. साहेबांनी कोट काढून ठेवला होता. म्हणाले, "पलीकडून ती जे परत म्हणते, ते मी ताडून बघतो. बाई, इतकं सरळ कबूल करणारी माणसं मला रोज लागतील." जेवण कोणालाच आठवलं नाही. पावणेपाचला एकशे शहाऐंशीवा डावा डोळा गेला. विमानात पेटी चढल्याचा निरोप आला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि मला म्हणाल्या, "घरी जा आता." मामा, शाबासक्या मी पुष्कळ ऐकल्या, इतकी मोठी पहिलीच.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. साहेब आम्हाला सोडून तर गेले नाहीतच. उलट नव्या कारखान्याचं कामही आम्हालाच दिलं. कारखाना तुमच्याच गावाबाहेर होतोय.

ता. क. २. त्याची केबल एका बागेतून न्यायची आहे. मालकाने आमच्या माणसांना तीनदा हाकललंय. फाइलवर शेरा आहे: 'मालक अत्यंत हेकट. पाण्याचा पाइप घेऊन अंगावर येतो.' पत्ता वाचून मला घाम फुटला. मामा, फक्त दोन हात खोल चर, गुलाबांपासून लांब, आणि दोन दिवसांत माती होती तशी. सही कराल ना?

ता. क. ३. पत्ता वाचायच्या आधी मी शेरा वाचला होता, आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "या म्हाताऱ्याला मी सरळ करते." म्हणून शुक्रवारी बाई मला घेऊन येतायत. दारात ओळख दाखवू नका. सही झाली, की मग हवं तर पाइप सोडा.