रुईच्या पानावरची लव

२२ मार्च, शनिवार

सकाळच्या शाळेत मी सांगून बसले, की हिमालयातली झाडं थंडी वाजू नये म्हणून अंगावर लव वाढवतात. वळसंगच्या मेंढपाळाची रेणुका लगेच उठली. "मग बाई, रुईच्या पानावर लव कशाला? हितं कुटं बर्फ हाय? आन् आमचं आबा तर उन्हातच घोंगडं पांघरत्यात की!"

"सोमवारी सांगते," म्हटलं. काय सांगणार, कपाळ? लव थंडीसाठी, की उन्हासाठी? की झाड काही ठरवतच नाही, लव असलेलं तेवढं तगतं?

आत्ता मारुतीसाठी रुईची माळ ओवायला बसले, तर बोटाला पांढरं काहीतरी लागलं. लव! वीस वर्षं दर शनिवारी मी ती धूळ समजून पुसून टाकतेय.