सकाळी सहाचा सेट

भनपुरी, रायपूर
४ नोव्हेंबर २०२४

प्रफुल्लभाऊजींस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

एका जुन्या सकाळची गोष्ट, नळ लवकर आला होता. मी पिंप भरलं, अंगण झाडलं, ओटा धुतला आणि मेथी निवडायला बसले. तुमचे दादा सहाला समोरच्या खोलीत गेले. आधी तुम्ही बनवून दिलेला छोटा डबा, तो प्रीअ‍ॅम्प, सुरू केला. मग दहा मिनिटांनी त्यांनी स्वतः बनवलेला मोठा पॉवर अ‍ॅम्प. काचेच्या नळ्या लाल झाल्या. अर्ध्या तासानं त्यांनी रेकॉर्ड लावली आणि मला हाक मारली, की काहून मेथीत जीव घालून राहिली, दोन मिनिटं इथं येऊन बस. मी आतूनच म्हटलं की भाजी कोण चिरणार, तुमची ती गाणारी? ते हसले आणि एकटेच ऐकत बसले. असं तीस वर्षं चाललं.

हे आज लिहायचं कारण सांगते. ते गेले त्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी रोज सहाला सेट सुरू करते. आधी छोटा, मग मोठा. दहाला बंद करते, आधी मोठा, मग छोटा. रेकॉर्ड लावत नाही. कोरड्या फडक्यानं पुसते आणि माझ्या कामाला लागते. खोलीत ऊब असली की बरं वाटतं. चौदा महिन्यांत एक दिवस चुकला नाही, तापात होते तेव्हाही नाही.

आता दिवाळीला यशदीप हैदराबादहून आला होता. त्यानं रेकॉर्ड लावून पाहिली तर डाव्या बाजूचा आवाज अगदी बारीक. त्यानं सेटसाठी गिऱ्हाईक पाहिलं आहे. इथलेच ट्रान्सपोर्टवाले इंद्रजीत म्हणून आहेत, त्यांना जुन्या सेटचा फार शौक. १ डिसेंबरला, रविवारी, ऐकायला येणार. यशदीपचं तुम्हाला माहीत आहे, मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. म्हणाला की मम्मी, अब सुनता कौन है.

द्यायचा की ठेवायचा, हे मला त्या रविवारच्या आत ठरवायचं आहे. पण त्याआधी सांगा, माझ्या हातून काही बिघडलं का? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मोबाइलवर टाइप करणं जमत नाही, म्हणून पत्रच. माझ्या जावेला, रीनाला, आठवण सांगा. माया आहे तशी ठेवा.

तुमची वहिनी,
सत्यभामा

नागपूर
९ नोव्हेंबर २०२४

ती. सत्यभामावहिनींस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रीनानं तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, ते मला ऐकू आलं नाही.

वहिनी, रागावू नका, पण हे कोणी सांगितलं तुम्हाला? दादानं तर खासच नाही. नळी म्हणजे बल्बासारखी. गाणं वाजो की न वाजो, लाल झाली की तिचं आयुष्य जळून राहिलं. रोज चार तास म्हणजे चौदा महिन्यांत सतराशे तास झाले. एवढ्यात दादानं सगळ्या रेकॉर्डी दोनदा ऐकल्या असत्या. तुम्ही अ‍ॅम्पले घरातला म्हातारा समजल्या, रोज सकाळी उठवून बसवलं आणि बोलल्या काहीच नाही.

आता एक काम करा. प्लग भिंतीतून काढा आणि एक रात्र तसंच ठेवा. आत करंट साठून राहतो, म्हणून घाई नको आणि खालचं झाकण उघडू नका. सकाळी फडक्यानं धरून डावीकडची मोठी नळी उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसवा. खाली मधोमध खुंटी आहे, ती खाचेत गेली की नळी आपोआप बसते. बारीक आवाज उजवीकडे गेला तर नळी संपली. डावीकडेच राहिला तर दुखणं दुसरं आहे आणि मला रायपूरला यावं लागेल. दादानं हे मुद्दाम असं बनवलं होतं की नळी बदलली तरी कुठला स्क्रू फिरवावा लागू नये. चौथीत शाळा सुटूनही तुम्ही विहाराचं अख्खं वाचनालय वाचून काढलं, तुम्हाला हे जमेल.

वडिलकीची मर्जी असू द्या.

आपला,
प्रफुल्ल

भनपुरी, रायपूर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रफुल्लभाऊजींस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

केलं. नळ्या बसल्या. शेजारच्या प्रेमलाला रेकॉर्ड लावायला बोलावलं. तिनं सुई अशी ठेवली की तुमचे दादा असते तर तिला पुन्हा चहा मिळाला नसता. बारीक आवाज उजवीकडे गेला. म्हणजे नळी संपली, आणि ती मी संपवली.

तुमचा शब्द मला लागला, पण खोटा नव्हता. मला वाटायचं की मी त्यांची वस्तू जपते आहे. लोखंडी पेटीत त्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या दोन नळ्या सापडल्या. त्यावर त्यांच्या अक्षरात जोडी असं लिहिलं आहे. ह्या लावू का? पेटी बंद करून ठेवली आहे.

तुम्हाला एक विचारायचं राहिलं. छोटा डबा तुमच्या हातचा आहे. तो तुम्हाला हवा असेल तर मी इंद्रजीतना सरळ नाही सांगते, यशदीप काही म्हणो.

सत्यभामा

नागपूर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
सविनय जय भीम, वि. वि.

मला तो नको. खरं सांगतो, कानाला मशीन लावूनही मला गाणं टिनाच्या छपरावर गारा पडल्यासारखं ऐकू येतं. मागच्या महिन्यात माझा स्वतःचा सेट भाच्याला देऊन टाकला. रीना म्हणते की हव, आता घरात शांती आहे. मी तिला म्हटलं, तुझं बोलणंही ऐकू येत नाही, त्याची शांती वेगळी.

जोडी लावा. नव्या नळ्या बाजारात मिळतात, पण ही जोडी दादानं दिवसभर दुकानात बसून मापून निवडली होती. सोबत मी होतो, भुकेनं मरत होतो. तुम्ही रोज तासभर ऐकलं तर ती पाच वर्षं सहज जाईल. न ऐकता चार तास पेटवली तर सव्वा वर्षात संपेल. ऐकणार नसाल तर इंद्रजीतना द्या, मला काडीचं वाईट वाटणार नाही. ऐकणाऱ्याच्या घरी गेला म्हणजे झालं. पण द्यायच्या आधी एकदा दादाच्या ऐकायच्या खुर्चीत बसा. माझ्यापेक्षा तुमचे कान चांगले आहेत.

कळवा. वाट पाहतो.

प्रफुल्ल

भनपुरी, रायपूर
३ डिसेंबर २०२४

प्रफुल्लभाऊजींस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

जोडी शनिवारी लावली. खुर्चीत मात्र बसले नाही. बसायला गेले आणि कुकरची शिट्टी झाली, मला ते निमित्त पुरलं.

इंद्रजीत रविवारी दहाला आले. भला माणूस आहे, साठीचा, मला दीदी म्हणत होते. स्वतःची रेकॉर्ड घेऊन आले होते, कुणा बाईंची ठुमरी. मी त्यांना खुर्चीत बसा म्हटलं तर ते बसेनात. म्हणाले की भैया की कुर्सी है, आप बैठिए, आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. परक्या माणसाला खोलीत एकटं सोडून आत जाणं बरं दिसेना, म्हणून मी बसले.

भाऊजी, तीस वर्षं मी हा आवाज भिंतीतून ऐकला. मला वाटायचं की गाणारी कुठं तरी दूर आहे. ती चार हातांवर होती. एक ओळ संपवून तिनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. तबलेवाला डाव्या बाजूला बसला होता, त्यानं घसा खाकरला. मी मान वळवून पाहिलं. इंद्रजीत हसले, पण चांगल्या मनानं. मला तुमच्या दादांचा राग आला, की दोन मिनिटं बस असं काय म्हणायचं, हात धरून बसवायचं होतं. मग माझा राग आला. मग मी ऐकलं. बाजू संपेपर्यंत उठले नाही.

ते म्हणाले की दीदी, सोमवारी गाडी पाठवतो. मी नाही म्हटलं. तसं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. ते जरा नाराज झाले, की मग मला बोलावलं कशाला. मी म्हटलं की तुम्ही आला नसता तर मी बसले नसते. त्यांनी पोहे खाल्ले, परत थोडे घेतले, आणि विचारलं की महिन्यातून एखाद्या रविवारी ऐकायला आलो तर चालेल का. मी म्हटलं, या, पण आधी सांगून या, अर्धा तास अगोदर लावावा लागतो.

यशदीपला फोन केला. तो मराठीत म्हणाला की आई, तुला पटेल तसं कर.

तुमच्या छोट्या डब्याबद्दल म्हणाल तर तो उत्तम आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते, कारण तुम्हाला आता दुसऱ्या कुणी सांगणार नाही. तब्येत सांभाळा, रीनाला त्रास देऊ नका, या घराला आपलं म्हणत राहा.

सोमवारी सकाळी सहाला उठले, पाणी भरलं, अंगण झाडलं आणि ऐकायला बसणार नव्हते म्हणून सेट लावला नाही.

तुमची वहिनी,
सत्यभामा