स्वयंपाकघरातली उबदार फरशी

प्रिय चिमणे,

तुझी आई खुशीत आहे, हे आधी सांगतो. तिचे गुडघे दुखायचे थांबलेत. एवढ्या कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकघरात अनवाणी फिरते, दुपारी तिथेच चटई टाकून आडवी होते आणि म्हणते, या घराने पहिल्यांदाच माझे लाड केले. मी हसल्यासारखं करतो. पण मला भीती वाटते गं.

लहानपणी तू उन्हाळ्यात गारव्याला तळघरात पळायचीस आणि हिवाळ्यात ऊब घ्यायलाही तिथेच. मी तुला सांगायचो, ऊन आणि थंडी वरच्यावर खेळतात. थोडं खाली गेलं की जमीन बारा महिने एकसारखी. त्याहून खोल, आम्ही खाणीत उतरायचो तिथे, जितकं खाली तितकं उकडायचं. पण ती उष्णता आपली जागा सोडून वर चालून येत नाही.

यंदा तळघरातल्या बटाट्यांना भर हिवाळ्यात कोंब फुटले. तिथला थर्मामीटर चढलेला दिसला, बिघडला असेल म्हणून नवा आणला, तर तोही तेच सांगतो, आणि दर आठवड्याला चढतोच आहे. सकाळी गल्लीभर गवतावर दव गोठलेलं असतं; आपल्या दारापासून शेजारच्या शिंप्याच्या भिंतीपर्यंत मात्र हिरवागार पट्टा. त्याखालून आमच्या बंद खाणीचा बोगदा जातो. तिथे उरलेला कोळसा पेटलाय. खाणीच्या कचेरीतला माणूस जमिनीला हात लावून गेला, घर रिकामं करा म्हणाला. शिंप्याने त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं. तुझ्या आईने मात्र मलाच वेड्यात काढलं. खाण सुटली, पण तुमच्या डोक्यातून काही जात नाही, म्हणाली.

मला जाळापेक्षा त्यातून निघणाऱ्या विषारी वायूची धास्ती आहे. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. काल दुपारी तिला हाका मारल्या, तर उठेना. खिडक्या उघडल्या, गदागदा हलवलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. छान झोप मोडली म्हणून माझ्यावरच चिडली.

फोनवर बोलावं तर ती शेजारीच बसून ऐकते. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. तोवर मी खिडक्या सताड उघड्या ठेवतो आणि तिला बडबडत जागी ठेवतो. पत्र वाचलंस की लगेच तिला फोन कर आणि खोटं बोल. खूप आजारी आहे, आई, तू ये, म्हणून रड. पायाखालची जमीन पेटली म्हटलं तर ती हलत नाही, पण तुला ताप आलाय म्हटलं की चपला घालायलाही थांबणार नाही.

तुझाच,
बाबा