सतरा नंबरची खणणी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सतरा नंबरच्या तुकड्याची किल्ली हातात पडली. चौदा महिने यादीत नाव होते. हॅलर्बीला मुलीकडे राहायला येऊनही तेवढेच झाले, पण या गावात आल्यासारखे आज पहिल्यांदा वाटले. ऊन होते. वारा पश्चिमेचा, हलका.

नगरपालिकेचा हा भाजीमळा रुळांपासून टेकडीपर्यंत चढत गेला आहे. प्रत्येक तुकड्याला एक लाकडी खोपटे. माझा तुकडा सगळ्यांत वरचा, त्याच्या मागे काटेरी कुंपण. तण कमरेइतके वाढले आहे, पण खालची माती काळी आणि भुसभुशीत. मुठीत धरून पाहिली, दाबताच सुटी झाली. घरी येताना शीळ घालत आलो.

सेक्रेटरी मिस्टर पिकर्सगिल यांनी एकच अट घातली. तुकडा तीन वर्षे पडीक आहे. मार्टिनमासला, म्हणजे अकरा नोव्हेंबरला, पाहणी असते. तोवर सगळा खणून झाला नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. मी हो म्हणालो. वय चौऱ्याहत्तर आणि कंबर अशी, हे सांगितले नाही. मुलीच्या, मॅव्हिसच्या, घरात मी ज्या खुर्चीत बसतो ती जावई डेरेकची आहे. समुद्राकाठच्या वृद्धाश्रमाचे पत्रक स्वयंपाकघरात घड्याळामागे खोचलेले असते. मला दिसू नये म्हणून खोचतात, तरी त्याचा निळा कोपरा दिसतो. दिवसभर बसायला स्वतःची जागा असली तर ते पत्रक तिथेच राहील.

६ ऑक्टोबर, सोमवार

ढगाळ, कोरडे. तण कापले. हात ओरबाडले. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे का याचा विचार करतो आहे.

शेजारच्या सोळा नंबरवर नोरा हेब्डन म्हणून विधवा बाई आहे. माझ्याच वयाची, पायांत नवऱ्याचे रबरी बूट, तुकडाभर डेलिया. माझे फावडे पाहून म्हणाली, याने चहात साखर ढवळ, माती नको. मग स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला.

तिने इथली रीत सांगितली. कोणाची कंबर धरली, कोणी आजारी पडले, तर बाकीचे त्याचा तुकडा खणून टाकतात. बोलायचे काही नाही. ज्याचे काम झाले त्याने आपल्या तुकड्यातले काहीतरी खोपट्याच्या दारावरच्या खिळ्याला टांगायचे, कोबी म्हणा, कांदे म्हणा. खणणारा ते घेऊन जातो. घेतले की काम पुरे होईपर्यंत तो येणार. आणि त्याच्यावर वेळ आली की आपण त्याच्यासाठी खणायचे. तोंडाने आभार मानणाऱ्याला इथे आगाऊ समजतात.

माझा तुकडा पूर्वी कोणाकडे होता, विचारले. जॉस टॉर्डॉफ, एवढेच म्हणाली आणि थर्मास धुवायला गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवसाला दोन पट्टे खणून होतात. तण उलटे गाडायचे, मुळे वर. दोन पट्ट्यांनंतर कंबर सरळ होत नाही. या वेगाने अकरा नोव्हेंबर गाठणे शक्य नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस पाऊस. ओल्या मातीवर पाय दिला की ती दगडासारखी बसते, म्हणून नुसता खोपट्यात बसून राहिलो. छपरातून एक थेंब सारखा मानेवर. पिकर्सगिल छत्री घेऊन वर आले, पाहिले, गेले. रात्री जेवताना मॅव्हिस म्हणाली, बाबा, झेपत नसेल तर राहू द्या. डेरेकने घड्याळाकडे पाहिले.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गेलो तर चार पट्टे खणलेले. मी नाही खणले. कडा सुरीने कापल्यासारख्या, एकही ढेकूळ नाही. माझे डोळे भरून आले. नोराच असणार, नाहीतर खालचे कोणी.

टांगायला माझ्याकडे काय असणार? अजून काही लावलेलेच नाही. तणात एक कोबी आपोआप उगवला होता, जुन्या बियांचा. तोच कापला आणि खिळ्याला टांगला.

२० ऑक्टोबर, सोमवार

कोबी गेला. आणखी सहा पट्टे.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळे एक तास मागे केली. पाचला अंधार. पहाटे दव गोठले, गवत पांढरे झाले. निम्म्याहून जास्त तुकडा झाला आहे. मी नुसता लसूण लावतो आणि कडेचा पालापाचोळा गोळा करतो.

नोराचे डेलिया काळे पडले. ती कंद काढत होती. मी डोळा मिचकावून विचारले, कोबी गोड निघाला का. कुठला कोबी, म्हणाली. मी खणणीकडे बोट केले. ती म्हणाली, माझ्या गुडघ्यांना विचार, ते जिना चढताना रडतात. मग उठून आली, पट्ट्याच्या कडेने चालली. माती सगळी उलट्या बाजूला फेकलेली आहे, म्हणाली. डावखुऱ्याचे काम आहे. कंद तसेच टाकून घरी गेली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

खाली सगळ्यांना विचारले. कोणी नाही. एकाने विचारले, तुकडा कुठला, आणि सतरा म्हटल्यावर त्याला शेकोटी विझल्याचे आठवले.

खिळा उपटून टाकावा असे मनात आले. पकड हातात घेतलीही. पण तीस पट्टे उरले आहेत आणि दिवस तेरा. पकड परत ठेवली. हे लिहून ठेवतो, म्हणजे मला कोणी फसवले असे पुढे म्हणता येणार नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

नोरा माझ्या खोपट्यात येऊन बसली. बूट काढले नाहीत, चहा घेतला नाही. जॉस टॉर्डॉफ डावखुरा होता, म्हणाली. तीस वर्षे तो सगळ्यांसाठी खणत आला. तिचा नवरा गेला तेव्हा तिचा तुकडा त्याने खणला. पिकर्सगिल इस्पितळात होते तेव्हा त्यांचा. खिळ्यावरचे काढून न्यायचा आणि मान हलवायचा, बस. तीन वर्षांपूर्वी त्याची छाती भरली. खणणी तशीच राहिली. प्रत्येकाला वाटले दुसरा कोणी जाईल. मग धुक्यात तो स्वतःच खणायला आला. दोन दिवसांनी कुंपणाखाली चरात सापडला, पालथा.

“त्याची पाळी होती, विल्फ. आमच्यातलं एकही माणूस आलं नाही.”

मी विचारले, मग मी काय करू. ती म्हणाली, तू त्याला कोबी दिलास आणि त्याने घेतला, आता मला काय विचारतोस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

धुके. हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. आठ वाजता गेलो. फाटकापासूनच आवाज येत होता. पाते मातीत शिरते, थांबते, माती पडते. घाई नाही. मी उभा राहिलो. आवाज पट्ट्यापट्ट्याने माझ्याकडे सरकत आला आणि चार पावलांवर थांबला. दिसले कोणी नाही. माझे फावडे जमिनीत रोवलेले होते. दांडा धरला. उबदार होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाहणी झाली. पिकर्सगिल म्हणाले, इतकी सुरेख खणणी खूप वर्षांत पाहिली नाही. मग खाली वाकून कडा पाहिल्या. टोपी काढली. चहाला थांबले नाहीत. वहीत माझे नाव पक्के केले.

तुकडा माझा झाला. घरी पत्रक घड्याळामागे नाही, मॅव्हिसने फाडले. डेरेकने माझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली. मला बसवेना.

कुंपणाखाली दोन खुंट्या आणि दोरी ताणलेली आहे. खणणीला आधी ताणतात तशी. मी ताणलेली नाही. रुंदी फावड्याच्या दोन पात्यांची. लांबी फावड्याने मोजली. माझ्याइतकी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोरी कापली. वाळलेल्या वेलांबरोबर शेकोटीत जाळली. खुंट्याही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोरी आहे. एका टोकाला पहिले ढेकूळ उचललेले. एवढेच. पुढचे माझ्यासाठी ठेवलेले – फावडे दोरीवर आडवे, दांडा माझ्या बाजूला.

खणून टाकावे का? त्याचे त्याला देऊन – पण खणून झाले की त्यात कोण –

नोरा आली नाही. तिच्या खोपट्याला कुलूप.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

किल्ली पिकर्सगिलना परत केली. त्यांनी कारण विचारले नाही. वही उघडून माझे नाव खोडले.

मॅव्हिसला सांगितले, सोमवारी वृद्धाश्रमात जातो. ती रडली. मळा मिळाला होता ना बाबा, म्हणाली. मिळाला होता. आता काही नको. एक खोली, खिडकीबाहेर समुद्र, माती कुठेच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारचे तीन वाजलेत. धुके खाली उतरले आहे. मॅव्हिस आणि डेरेक बाजारात. दिवे लावले आहेत सगळे.

मागच्या अंगणात, डेरेकच्या हिरवळीवर, दोन खुंट्या. दोरी.

दारांना कड्या घातल्या. दोन्ही.

बूट घासण्याचा आवाज. मागच्या पायरीवर. एक बूट. मग दुसरा. कोणाच्या घरात चिखल नेऊ नये म्हणून माणूस घासतो तसा, सावकाश –

बोलला. ओरडून नाही. दाराला तोंड लावून.

“चल, विल्फ. मी तुझं खणलं. आता तू माझं खण.”

मी सांगितले, तुकडा आता माझा नाही. किल्ली दिली. नाव खोडले वहीतून. कोबीही तुमचाच होता, माझे काहीच –

तो ऐकून घेतो आहे. मान हलवतो आहे, काचेवर सावली –

म्हणाला, तुकडा मी कुठे मागितला, मला फक्त तू –